उघाडी

तारामुंबरीत चाळीस वर्षं मी जाळी विणतोय.
कुठली गाठ किती ओढायची
हे बोटांना कळतं, मला विचारू नका.

पण अनशीच्या पायापुढे बोटं अडाणी ठरली.

डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला
आधी कातडी काजूच्या टरफलासारखी तपकिरी झाली,
मग खाज. मग एका शिमग्यात
पाटीचा पत्रा लागला, खरचटलं एवढंच,
आणि ते एवढंच
पुढच्या शिमग्यापर्यंत सुकलं नाही.

हळद झाली. भांबुर्ड्याचा पाला झाला.
सड्यावरच्या देवाला नारळ झाला.
कोणी म्हणालं साखर; रक्त तपासलं, साखर नव्हती.
पाणी गळायचं, परकर पायाला चिकटायचा.
लिलावात बायका हळूच लांब उभ्या राहू लागल्या,
बांगड्या-तारलीच्या वासात जन्म काढलेल्या बायका!
अनशीने ते पाहिलं, मोजलं,
आणि मला सांगितलं नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या ठाकूरदेसाई डॉक्टरीणबाईंनी
जखमेकडे आधी पाहिलंच नाही.
पोटरीकडे पाहिलं, फुगलेल्या निळ्या दोऱ्यांकडे.
विचारलं, दिवसाचे किती तास उभ्या असता?
अनशी हसली. "निजतंय तेवडे सोडून."

मग मला कळेल अशा भाषेत बाई बोलल्या.
मिठमुंबरीच्या बांधाची उघाडी पाहिलीये ना?
ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते,
भरतीला आपणहून मिटते.
पायाच्या शिरांत अशाच बारीक उघाड्या असतात,
रक्त वर चढतं, मागे फिरत नाही.
यांच्या फळ्या कुजल्यात.

उघाडी कुजल्यावर शेताचं काय होतं ते मी पाहिलंय.
वरून कितीही खत घाला,
खारं पाणी खालून येतं, भात करपतं.
म्हणजे वर्षभर आम्ही जखमेला औषध लावत होतो
आणि जखम पाण्यात उभी होती.

घोट्याशी यंत्र धरून बाईंनी नाडी ऐकली.
खाली उतरणारं रक्त नीट पोचत नसेल
तर पाय आवळणं घातक, म्हणाल्या.
पोचत होतं. फुसफुस, फुसफुस,
अनशीने पहिल्यांदा स्वतःचा पाय ऐकला.
मग पट्टी.

पहिल्यांदा मी बांधली, जाळीवाल्याच्या गर्वाने.
पोटरीशी आवळून, घोट्याशी सैल.
पहाटे पाऊल मडक्यासारखं, वर वळ.
"रापण ओढतस काय रे?" म्हणाली,
आणि दात खाऊन स्वतःच सोडली.

मोंतेरो सिस्टरने माझा हात धरून शिकवलं.
सकाळी, पाय अजून हलका असताना.
बोटांच्या मुळापासून. टाच झाकून.
नव्या फेऱ्याखाली जुन्याचा अर्धा भाग जायला हवा.
ओढ सगळीकडे सारखी ठेवा,
पाय वर जाड होत जातो,
दाब आपसूक उतरत जातो.
ओढ सारखी. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?

दर सोमवारी सिस्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
पेनाने कड गिरवायची.
पहिला कागद: लहान पापलेटाएवढं बेट.
चौथा: तेवढंच. त्या दिवशी अनशी जेवली नाही.
सातव्यापाशी कडेने गुलाबी रेघ.
बाराव्यात चिंचोका.
सतराव्या सोमवारी सिस्टरने कागद ठेवला,
पेनाचं टोपण काढलं,
आणि नुसती तारीख लिहिली.

तो कागद अनशीने रेशनकार्डात ठेवलाय.

बिघडलेली शीर बंद करतात म्हणे, कोल्हापुरात.
चिठ्ठी दिलीये. तारीख मिळेस्तोवर, आणि नंतरही,
तो घट्ट, कातडीच्या रंगाचा मोजा.
उकाड्यात ती त्याला शिव्या घालते
आणि चढवते.

बंदरावर बसायला मी तिला फणसाचं स्टूल करून दिलं.
तिने त्यावर पाटी ठेवली. स्वतः उभी.
भांडलो.

आता लिलाव चालू असताना ती टाचा उचलते, टेकते,
उचलते, टेकते,
नांगरलेल्या होडीखालून लाट जावी तशी.
सिस्टरने सांगितलंय, पोटरी हलली की रक्त चढतं.
बायका हसतात.
जवळ उभ्या राहून हसतात.