किहनूचा लाल

हेल्यूच्या गोठ्यात उजेड उत्तरेकडून येतो,
म्हणून घागरे तिथंच टांगले, वळणीवर.
पार्नूहून बोटीनं आणलेला माझा राखाडी पुठ्ठा
तिनं उलटसुलट करून पाहिला.
"हा कशाला? याला तर रंगच नाही."
म्हटलं, म्हणूनच.

या बेटावर बायका घागऱ्यानं बोलतात.
घरातलं माणूस गेलं की पट्टे निळे, काळे.
वर्ष सरतं, माग पुन्हा लागतो,
आणि लाल आत येतो
पाहुण्यासारखा, अंग चोरून दाराशीच बसतो.
पुढच्या घागऱ्यात जरा सरकून.
मग एका उन्हाळ्यात सगळी ओटी लालच लाल
आणि गावाला कळतं,
हिला आता नाचायला बोलवायला हरकत नाही.

हेल्यूचा तो नाचायचा होता.
मंजिष्ठात तीनदा बुडवलेला.
मी रात्री मॉनिटरपाशी तिचा एक धागा धरून बसलो,
लाल वर, लाल खाली, पुन्हा जरा वर,
जुळला तेव्हा दोन वाजले होते.
फाइल चढवली. झोपलो.

सकाळी तिचा फोन.
"मेलं कोण, ते मला तरी सांग."

टोरांटोहून सल्मे, तिची धाकटी बहीण,
अर्ध्या रात्री हुंदके देत विचारत होती,
घागरा पाहिला गं, मला का नाही कळवलंत?

उघडलं. डावीकडे सॉफ्टवेअर, उजवीकडे ब्राउझर.
फाइल तीच, काच तीच.
डावीकडे नाच.
उजवीकडे विटलेला, मातकट,
दुखवट्याचं दुसरं वर्ष असतं तसा.

चूक माझीच. मोठ्या रंगपैसातले आकडे
मी प्रोफाइल न जोडताच धाडले होते.
पायलीनं मोजलेलं धान्य, सोबत चिठ्ठी नाही;
ब्राउझरनं बिचाऱ्यानं आपल्या शेरानं मोजलं
आणि जेवढं भरलं तेवढं दाखवलं.
खोटं तो बोलला नाही.
त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग एसआरजीबीत आणलं, प्रोफाइल आत शिवलं,
तीन ब्राउझर, भाचीचा फोन,
शाळेच्या वाचनालयातला म्हातारा संगणक.
त्या शेवटच्यावर लाल थोडा गाजराकडे झुकतो.
तिथं मी हात टेकले.

सल्मेचा पुन्हा फोन आला म्हणे. हसत होती.
माझ्या नावानं काहीतरी बोललीही,
ते हेल्यूनं सांगितलं नाही.
"तू त्यात काय चिकटवलंस रे?"
चिठ्ठी, म्हटलं. हा लाल कुठला, त्याची.
"मग त्यात काय एवढं? पार्सलवर आम्हीही लावतो."

फेब्रुवारीत समुद्र गोठला होता.
बोट बंद, बर्फावरून गाडी हळू हाकत गेलो,
कारण तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं,
कॅमेरा घेऊन ये.

तीच वळणी, तोच उत्तरेचा उजेड.
पुठ्ठा तिनं स्वतःच उचलून धरला.
मी वाकून लाल शोधला, शिवणीपाशी, नेफ्यात.
कुठंच नव्हता.
ती म्हणाली, "विणून झाला तेव्हा
सवयीनं तिला दाखवायला निघाले होते."

घरी सॉफ्टवेअरनं आपणहून विचारलं,
रंग खुलवू का?
नको, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं बहुतेक,
कारण मांजर उठून गेलं.

प्रोफाइल जोडलं. तीन ब्राउझर, भाचीचा फोन.
वाचनालयातल्या म्हाताऱ्यावरसुद्धा
निळा निळाच होता, काळा काळाच.
इतका चोख रंग माझ्या हातून
आधी कधी गेला नव्हता.

फाइल चढवली आणि फोनपाशी बसून राहिलो,
टोरांटोत आत्ता किती वाजले असतील
ते बोटांवर मोजत.