पाचवं खातं

व्हागुर गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
तिसऱ्या घरातल्या सुन्नेवानं ठरवलं : पुरे ही दारोदार फिरणी.
एका पेटीसाठी पासवर्डची वही शोधा,
दुसरीसाठी मुलाला डेन्मार्कात फोन लावा.
यापुढे सगळी पत्रं घरी येतील.
इथे, फडताळात, ऱ्हुबार्बच्या मुरंब्याशेजारी.

बिजागरी तुटलेला लॅपटॉप तिनं आडवा निजवला,
खाली विटेचे दोन तुकडे, हवा खेळावी म्हणून.
पंखा घरघरला.
"आत मेंढी आजारी आहे वाटतं," ट्रॉन्दुर म्हणाला.

मग पांढऱ्या अक्षरांची ती लांबच लांब फाईल.
सुन्नेवाला ती विणकामाच्या नमुन्यासारखी वाचता आली,
दोन सुलट, एक उलट,
आणि कुठेतरी एक अवतरणचिन्ह निसटलं
की अख्खी बाही उसवायची.
मंगळवारची सगळी रात्र तिनं उसवण्यात काढली.

पहिलं खातं तिचं, स्वेटरच्या मागण्यांचं.
दुसरं टेलिफोन कंपनीनं कधीकाळी फुकट दिलेलं,
कंपनी दोनदा विकली गेली, पत्ता तसाच.
तिसरं गायनमंडळाचं, खजिनदारकीबरोबर गळ्यात पडलेलं.
चौथं ट्रॉन्दुरचं,
त्यात इंजिनांच्या सुट्या भागांखेरीज कोणी लिहीत नाही.

"झाली चार."
तो कप पुसत होता. कप केव्हाच कोरडा झाला होता.
"अजून एक आहे."
पाकिटाच्या मागे त्यानं स्वतःच लिहून दिलं.
पासवर्ड म्हणजे विकलेल्या होडीचं नाव.

त्या होडीपायी अकरा वर्षं
या घरात हाइनीचं नाव निघालेलं नाही.
तिनं काही विचारलं नाही. एक ओळ वाढवली.
"तिथली प्रत ठेवू की पुसू?"
"ठेव. दोन्हीकडे राहू दे."

पत्रं उतरू लागली.
एकच पाठवणारा, क्लाक्सविकहून, दर रविवारी,
मजकूर कुठेच नाही, विषयाच्या जागी एवढंच :
१००४, उतरतोय.
९९१, स्थिर.
१०१९, चढतोय, बाहेर पडायला हरकत नाही.
लहानपणी दोघं भाऊ आळीपाळीनं बॅरोमीटरवर टिचकी मारत
आणि वडिलांना आकडा ओरडून सांगत.

पाचशे एकाहत्तर.
अकरा गुणिले बावन्न, तिनं मनात केलं.
एक कमी.
"तेव्हा त्याचं ऑपरेशन होतं," तो खिडकीतूनच बोलला.
"दवाखान्यात मी फोन केला होता. नाव नाही सांगितलं."

तिनं चहा टाकला. पाणी उकळून आटलं, पुन्हा टाकलं.
फडताळातला गडी दर दहा मिनिटांनी
पाच दारं ठोठावून येत होता,
कुणाच्या घरात काय बिनसलंय याची चौकशी न करता.

"यातून उत्तर पाठवता येतं का?"
"अजून नाही. हे फक्त आणायचं लावलंय.
पाठवायचं दार वेगळं असतं."
"मग तेही लाव."

ती पुन्हा विटांसमोर गुडघ्यांवर बसली,
चष्मा कपाळावर, ओठांत दाराचा आकडा :
पाचशे सत्त्याऐंशी, पाचशे सत्त्याऐंशी...
तेवढ्यात ओसरीत काचेवर टिचकी वाजली
आणि तो, बऱ्याच वर्षांनी, ओरडला :
"नऊशे सत्त्याऐंशी!"

"गप्प बस," ती म्हणाली, "माझा आकडा चुकेल."