फलकासाठी माहिती

परवा ऑफिसातला तोमर आला होता,
गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म.
घोसीपुऱ्याला फलक लागणार म्हणे छोट्या गाडीचा.
चार रकाने आहेत,
महत्त्वाच्या तारखा हव्यात.

पहिले दोन तो भरूनच आला होता:
१९०४, गाडी जौऱ्यापर्यंत.
१९०९, श्योपुरपर्यंत.
दोन फुटांचे रूळ. सकाळी बसलेला माणूस
दिवेलागणीला उतरायचा
आणि त्याला कुणी उशीर म्हणायचं नाही.

बाबांना ऐकू कमी येतं,
सत्तावीस वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये काढली त्यांनी.
मी कानाशी ओरडले: तारखा, बाबा, तारखा!
ते उठले. दिवाणाखालची ट्रंक ओढली.
एकेक डायरी बाहेर आली,
बँकेची, विम्याची, एक खताच्या कंपनीची,
पानांना अजून डिझेलचा वास.
ड्यूटीवर हिंदीत ओरडणारा,
रजेचा अर्ज इंग्रजीत करणारा माणूस
इथे मात्र मराठीत राहत होता.

*९ फेब्रुवारी ९८. सेमई.*
*म्हातारीने शेळीचं अर्धं तिकीट मागितलं.*
*तसा नियम नाही म्हणालो.*
*शेळी सबलगढपर्यंत माझ्याकडे बघत होती.*

*१४ मे २००३. सिलीपुर सोडल्यावर*
*छपरावरच्या नवरदेवाचा सेहरा उडाला, बाभळीत अडकला.*
*गाडी चार मिनिटं उभी.*
*रजिस्टरात कारण: रुळावर जनावर.*

*३० जुलै २००७. इकडोरीच्या पुढे, माझ्याच डब्यात.*
*कंदील मी धरला, तोंड फिरवून.*
*मुलगी.*
*नाव काय ठेवणार, विचारायचं राहिलं.*

तोमरचं पेन तिसऱ्या रकान्यावर
बराच वेळ हवेत होतं.
मग तो मला हळूच म्हणाला,
ताई, ये सब तो ठीक है...
कुछ ऐतिहासिक?

मी भाषांतर केलं नाही.
बाबा पुढचं पान शोधत होते.

बरं, बंद कधी झाली, तेवढं तरी?
ते मात्र त्यांना न ओरडता ऐकू आलं.
वीस सालची डायरी सगळ्यात वर होती, सगळ्यात नवी,
अंगठ्याने पानं उडवत ते मार्चपाशी थांबले.

*२१ मार्च, शनिवार. घोसीपुरा.*
*बारा मिनिटं उशीर.*
*कंदिलाची काच काळवंडली आहे. उद्या पुसणे.*

पुढे बावीस. कोरं.
तेवीस, चोवीस, कोरं.
एप्रिल सगळा पांढरा.
जूनमध्ये एका पानावर दुधाचा हिशेब,
तोही आईच्या अक्षरात.
आई तेव्हा होती.

निरोप समारंभ नाही, इंजिनाला हार नाही,
शेवटचं तिकीट जपून ठेवणारा कुणी हौशी नाही.
शेवटची फेरी आहे हे
गाडीला ठाऊक नव्हतं, गार्डला नव्हतं,
छपरावर बसलेल्यांना तर नव्हतंच.
कुणीतरी जौऱ्याला उतरताना
परतीचं उद्या बघू म्हणाला असेल.

मोठी लाइन येते आहे आता, रुंद, सरळ.
येऊ दे. लोकांना पोचायचं असतं.

लॉकडाउन लिहू? तोमरने विचारलं.
बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.
हे लिहा. बारा मिनिटं उशीर.
तो हसला, आधी मोठ्याने, मग नाही.
चौथ्या रकान्यात त्याने एक आडवी रेघ मारली
आणि चहा न घेताच गेला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं,
कंदील कुठे ठेवलास?
कंदील स्टोअरला जमा आहे,
पावतीवर सही त्यांचीच आहे.
मी काही बोलले नाही,
जुना पंचा फाडून एक मऊ तुकडा दिला.

थोडा वेळ तो हातात धरून बसले.
मग चष्मा काढला
आणि पुसत राहिले.