कलम सतरा

नागभीडच्या अलीकडे ठेंगरीची राईस मिल.
मिल बंद असली की आमी वाजवतो,
चालू असली तरी वाजवतो. तिचा पट्टा
आमच्या लोकचंदपेक्षा ठेक्यात पक्का.
गिटार दोन. ॲम्प मंडप-डेकोरेशनवाल्याचा,
त्यातून मधातच आकाशवाणी येते.
बँडचं नाव तुडतुडे.
धानावर बसतात, तेच.

कंपनीचा माणूस आला पांढऱ्या गाडीतून.
बुटाले कोंडा लागला, तो रुमालानं पुसला.
म्हणे, कच्चं आहे, पण मातीचा वास आहे.
करिष्मा म्हणाली, वास कोंड्याचा आहे, भाऊ.
म्हणे, नाव बदलू. शिव्या काढू.
शेवटी एक बासरी टाकू.
लोकचंद इतका हसला
की हातातली काडी उडून कोंड्यात गेली.
अजून सापडली नाई.

कागद एकतीस पानं. इंग्रजी.
बारावीले दोनदा बसलेल्या निकेशनं वाचून सांगितलं:
कलम सतरा. गाणं कंपनीचं,
संपूर्ण ब्रह्मांडात, कायमचं,
आज असलेल्या अन् पुढे निघणाऱ्या
सगळ्या यंत्रांवर.

ब्रह्मांडात ब्रह्मपुरी येते का?
येते.
वडसा?
येते.
अन् मिलच्या मागचा नाला?
त्यानं घड्याळ पाहिलं.

गाणं आमचं एक मिनिट पन्नास सेकंदाचं.

सही केलीच नाई, असं नाई.
निकेशनं केली होती, पेन्सिलीनं.
रात्री खोडली. शेवटच्या पानावर
तेवढी जागा काळी आहे.

मंडईच्या रात्री, दंडारीच्या आधी,
आमाले दहा मिनिटं भेटली.
करिष्मानं कागदच धरला माईकसमोर,
मागच्या कोऱ्या बाजूनं निकेशचं मराठी,
तेच तीन कॉर्ड, लोकचंदच्या हातात तुराटी,
अन् ती बोंबलली,
संपूर्ण ब्रह्मांडात!
जिलेबीवाला कढईमागून म्हणे,
कायमचं!
मग पोरंच म्हणाले लागली.

कलम एकोणीसले लाइन गेली.
ॲम्प मेला, आकाशवाणी मेली.
करिष्मा थांबली नाई.
उघड्या गळ्यानं कलम वीस, एकवीस,
मधात खोकला, बावीस,
अंधारात कोणी झारा आपटत होतं ठेक्यावर,
नऊ पानं बाकी होती,
अन् दंडारीवाले पडद्याआडून,
आटप ना वं पोरी,
आमचा रावण कवाचा रंग लावून बसला.