परिवहनमंत्री

चिंचोक्यांनी मतदान झालं आमच्या शाळेत.
रिकामे डबे, डब्यांवर चिकटवलेली नावं.
माझ्या डब्यात सात निघाले.
एक किडका होता,
घोडमारे मॅडमनी तोही मोजला.

पंतप्रधान सुयोग दुधे झाला, व्हायचाच होता.
त्याचा आवाज माइकशिवाय पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा.
शिक्षण, आरोग्य, क्रीडा, पोषण आहार,
सगळी खाती वाटून झाली, मी उरले.
मॅडम खडू धरून थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या
आणि मग लिहिलं :
परिवहनमंत्री – कु. कांचन गेडाम, नववी ब.

वर्ग हसला.
सायकल स्टँडवर टीन नव्हतं ज्या शाळेत
तिथली मी परिवहनमंत्री.

तीन बैठका झाल्या.
इतिवृत्ताच्या वहीत माझ्या नावापुढे
तीनदा एकच शब्द : उपस्थित.

चौथ्या बैठकीत सुयोगनं गंमत म्हणून विचारलं,
परिवहन खात्याचं काही?
मी उभी राहिले. घशात कोरडं पीठ.
म्हणाले, 'बस.'
कुणाला वाटलं, बसते म्हणतेय,
कुणाला वाटलं, पुरे म्हणतेय.
मी बसले नाही.
'बस,' पुन्हा म्हणाले, 'पाच-दहाची.
शाळा सुटते पाच-वीसला.'

कुणीच हसलं नाही.
नाल्यापलीकडच्या दोघीतिघींनी माना वर केल्या.

अर्ज चार वेळा लिहिला.
'मले' खोडून 'मला',
'आमाले' खोडून 'आम्हांस'.
रात्री बाबांना म्हणून दाखवला.
दिवसभर जिनिंगच्या काट्यावर वजनं लिहून आलेले ते,
डोळे मिटून म्हणाले,
'बराबर आहे. पण हे तू नाही बोलून राह्यली.'

दारव्ह्याच्या डेपोला चौदा पायऱ्या. मी मोजल्या.
मॅडम खालीच थांबल्या, मुद्दाम.
लांजेवार साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
आणि 'आम्हांस'
बोराच्या बीसारखा अडकला गळ्यात.
कागद घामानं ओला. शाई पसरलेली.

मग जे आलं ते घरचं आलं :
'साहेब, बस आमाले सोडून जाते.
अकरा जनी आहो.
नाल्यापाशी अंधार होते, कुत्रे मागं लागते.
दहा मिनिटं थांबत जा म्हना तिले.'

पेन खाली ठेवला त्यांनी.
'कोन्या गावची वं तू?'

सोमवारी पाच-पंचविसाला फाटकाशी हॉर्न वाजला.
अकरा जणी अशा चढलो
जशी ती बस आमच्याच बापाची.
तीन आठवडे.
चौथ्या आठवड्यात ड्रायव्हर बदलला
आणि पुन्हा पाच-दहा.

आई अंगणवाडीतून आली होती, पातेलं घासत होती.
'एकडाव गेली नं? मोठ्या लोकाइच्या किती मागं लागशीन.
आता बस कर.'

शनिवारी मी एकटीच गेले.
अर्ज नव्हता, मॅडम नव्हत्या.
परत येताना पुलाजवळ आठवलं,
पायऱ्या मोजायच्या राहूनच गेल्या.

वहीत आठवीतल्या सचिवानं लिहिलं :
'परिवहनमंत्री म्हनाल्या, आमाले बस पायजे म्हंजे पायजे.'
मॅडमनी लाल पेनानं 'म्हनाल्या'तला न सुधारला.
बाकी तसंच ठेवलं.

बस अजून पाच-दहालाच जाते.
तिची धूळ आम्हांला वर्गाच्या खिडकीतून दिसते.
येत्या शनिवारी पुन्हा जायचंय,
या वेळी सुयोगही येतो म्हणतोय, मागं उभा राहायला.

नाल्याच्या उतारावर उजेड संपत येतो.
मी पुढे असते, दगड कुठला हलतो ते मला माहीत आहे.
मागून सहावीतली एक पोरगी,
चप्पल हातात, ओरडते :
'मंत्री! थांब नं वं जराशी!'

मी थांबते.