तुलनेची शाळा

बारा आठवडे. चाळीस पट्टे, मनगटाला बांधायचे,
आत पावलं मोजणारं यंत्र, वाटाण्याएवढं.
नंदगड मागं टाकून आत गेलं की एक गाव लागतं.
तिथं एका पटांगणाला दोन शाळा,
मध्ये छातीएवढी चिऱ्यांची भिंत.
अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड.
अलीकडच्यांना कार्यक्रम द्यायचा,
पलीकडच्यांना काहीच द्यायचं नाही,
नुसतं मोजायचं.
कागदावर हे फार स्वच्छ दिसलं होतं.

घाडी सरांनी पहिल्या आठवड्यात शिट्टी फुंकली,
पुस्तकाबरहुकूम लाल शंकू मांडले.
तिसऱ्या आठवड्यात सर मतदारयादीच्या कामाला गेले
आणि शंकू स्वयंपाकखोलीत.
उलटे धरले की तेल ओतायला बरे पडतात,
यल्लूबाई म्हणाल्या.
मी रकान्यात लिहिलं: अंमलबजावणी, अंशतः.

सातेरी बिर्जे, इयत्ता सातवी.
एका रविवारी एकतीस हजार पावलं.
"दिवसभर धावलास काय रे?"
"न्हाई सर, शेळीला बांधल्यालो.
बघूया म्हटलं किती चालत्ये."
तो आकडा मी खोडला.
खोडताना जरा वाईट वाटलं.
ती खरंच चालली होती.

मंगल गावडेचा आकडा सगळ्यांच्या वर,
कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून.
वस्तीपासून शाळा सव्वातीन किलोमीटर,
काजूच्या बागेतून, ओढा दोनदा ओलांडून.
सातव्या आठवड्यात लाल बस सुरू झाली
आणि मंगलचा आलेख धपकन खाली बसला.
आमच्या हिशेबात ती पोर आळशी झाली.
तिच्या आईच्या हिशेबात
ती आता उजेडात घरी येते.
दोन्ही हिशेब बरोबर.
रकाना एकच.

नवव्या आठवड्यात पलीकडचे आकडे चढू लागले,
ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे.
यंत्रं बिघडली असणार म्हणून
न कळवता गेलो, जेवणाच्या सुट्टीत.

भिंतीवरून पोरं ओसंडत होती, दोन्ही अंगांनी.
अलीकडच्या भरमाणीनं पलीकडच्या निंगव्वाला
आमचा खेळ शिकवला होता,
निंगव्वानं त्याचे नियम बदलून तो बरा केला होता.
शिट्टी नाही. शंकूंच्या जागी चपला.
गडी मोजायचे कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु,
आणि बाद झाला की भांडायचं मराठीत,
कारण भांडायला ती सोयीची, असं निंगव्वाचंच मत.
"तिकडं जायचं नाही, सांगितलेलं ना?"
"आमी न्हाई गेलो सर. चेंडू गेला."

आमच्या शास्त्रात याला भेसळ म्हणतात.
तुलनेची शाळा नासली.
फरक उरला नाही, म्हणून परिणाम दिसला नाही.
त्या रात्री खानापुरात, लॉजच्या पिवळ्या दिव्याखाली,
मी टाइप केलं:
दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.
पुन्हा वाचलं.
त्यात खोटं काहीच नव्हतं.

चुलीपुढची पावलं मोजत न्हाईत काय,
यल्लूबाईंनी एकदा विचारलेलं.
वयोगटात बसत नाही, मी म्हणालो होतो.
हे आत्ता कशाला आठवलं कोण जाणे.

शेवटच्या दिवशी पट्टे गोळा केले.
एकोणचाळीस भरले.
चाळिसावा गहाळ, सही, शिक्का.
भिंतीचे मधले चिरे वरून गुळगुळीत झालेले,
ते पूर्वीपासूनच तसे होते का, मला सांगता येणार नाही.
पहिल्या भेटीत मी भिंतीची फक्त उंची घेतली होती.

मंगलची बस त्या दिवशी आलीच नाही.
पिशवी खांद्याला मारून चालत निघालो.
वळणावर सातेरीची शेळी आडवी गेली,
घाईत, मागं न बघता,
पुढच्या पायात काहीतरी निळं.
मी हाक मारली नाही.