तीन उड्यांचा फरक

निळं ॲप म्हणतं चार हजार एकशे बारा.
पिवळं म्हणतं चार हजार एकशे नऊ.

एकच जहाज, एकच माणूस,
ताऱ्यावरून ताऱ्यावर मारलेल्या उड्या त्याच,
आणि ताळा जमत नाही.

एरवी सोडून दिलं असतं.
पण पोटासाठी मी हेच करतो:
क्लाक्सविकच्या खाडीत गोल पिंजऱ्यांवर वाकून
वीस सॅमन गुंगी देऊन बाहेर काढायचे,
एकेकाच्या अंगावरच्या उवा मोजायच्या,
तक्त्यात भरायच्या, सही ठोकायची,
मासे परत पाण्यात.
एक ऊ इकडची तिकडे झाली तरी साहेबाचा फोन येतो.

निळ्याचं मला पहिल्यापासून एक पटत नाही.
ते ग्रहाला किंमत लावतं.
पाण्याचा इतक्याला, नुसत्या दगडाचा तितक्याला;
उतरायच्या आधीच कळतं की उतरण्यात राम नाही.
पिवळं गरीब. पुसट रेघांचा नकाशा काढतं
आणि खाली एक चौकोन रिकामा सोडतं: काय दिसलं?
मी लिहितो.
‘दोन सूर्य, त्यातला एक लाजरा.’
‘कडी आहेत, पण कुणी चावल्यासारख्या.’
‘काही नाही. छान काही नाही.’

हेरबोर्ग म्हणते, एक काढून टाक की,
एका जहाजाला दोन कारकून कशाला?

रविवारी वारा असा की बोटी बांधलेल्या, मेंढ्यासुद्धा आडोशाला.
दोन्ही याद्या शेजारी मांडून
तांदूळ निवडावेत तशी ओळ न् ओळ निवडली.
निळं खेळाची फाईल वाचतं, मागाहूनही.
पिवळं जागं असेल तेवढंच सांगतं.
म्हणजे तीन उड्या ते झोपलेलं असताना.

अकरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून सहा मिनिटं.
तेव्हा मी पिंजऱ्यावर.
पुरावा आहे: उवांचा तक्ता, खाली माझी सही.

घरात एकटी सुन्वा, वय वर्षं नऊ,
घसा धरला म्हणून शाळेला दांडी.

पहिली उडी, विझत आलेला लाल तारा. थांबली नाही.
दुसरी, वाट चुकल्यासारखी.
तिसरी, आणि तिथं एकोणपन्नास मिनिटं मुक्काम.
निळ्याच्या लेखी तिथं एक बर्फाचा गोळा, किंमत नगण्य.
एकोणपन्नास मिनिटं!
जहाज उभं, दिवे चालू, खणणं नाही, मोजणं नाही.
आणि ‘प्रथम पोचणारा’ म्हणून नाव माझं लागलंय,
जिथं मी पाऊल ठेवलेलं नाही.

जेवताना विचारणार होतो.
बटाटा फोडता फोडता तिनंच विचारलं,
बाबा, उवांना डोळे असतात का?
माझा प्रश्न घशातच राहिला.

रात्री पिवळ्यात तीन नोंदी हातानं भरल्या.
दोन चौकोनांत फुल्या मारल्या.
तिसरा कोरा ठेवून
फोन तिच्या दप्तरावर ठेवला, काही न बोलता.

सकाळी त्यात होतं:
‘तिथं वारा नाही. घशाला बरं वाटतं.’

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.
तशाच ठेवल्या.